महू माझा, जमीन तिची

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मी. माझी शेजारीण, जिचं शेत माझ्या शेताला लागून आहे. संस्थेचे सर, ज्यांचं ते ऑफिस. त्यांचा कार्यकर्ता, ब्राह्मणपुरीकडचा तीस-बत्तीस वर्षांचा गडी, जो आमच्या गावात दाव्याचे कागद करायला यायचा. आणि कॉम्प्युटरची पोरगी, चष्मेवाली, जिनं ते मशीन बसवलं होतं. सहावं माणूस नव्हतं. हे आधीच सांगते, कारण नंतर गावात दोन-तीन जण म्हणत फिरले की आम्ही पण तिथं होतो, म्हातारीनं असं केलं न् तसं केलं. ते नव्हते. चहा पाचच आले होते.

मी दुसरीपर्यंत शिकले. घरात आमची पावरी, बाजारात अहिराणी, आणि कागदावर मराठी. मराठी मला बोलता येते, लिहिताना हात अडतो. म्हणून हे मी बोलते आणि ती चष्मेवाली लिहून घेते. तिला सांगून ठेवलंय, जसं बोलते तसंच लिही, माझं नीट करत बसू नको. माझं एकदा नीट करून झालंय. त्यातूनच हे सगळं झालं.

आमचं गाव म्हसावदच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. आमची शेतं जंगलजमिनीची. तीन पिढ्या कसली तरी नावावर नाही. आता वनहक्काचा दावा टाकता येतो, पण दाव्याला पुरावा लागतो. पुरावा कुठून आणायचा? आमच्याकडं पेटी नव्हती तर पेटीत कागद कुठून असणार? मग सांगितलं की गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब पण पुरावा म्हणून चालतो. कोण कुठं कसत होतं, कधीपासून, कुठून कुठपर्यंत. माझ्या वयाचं गावात आता कोणी उरलं नाही. म्हणून शेजारणीच्या दाव्याला माझा जबाब.

शेजारीण माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. तिचा नवरा गुजरातला ऊसतोडीला गेला तो तिकडंच वारला. दोन पोरी, दोघी लग्न होऊन गेल्या. जमिनीशिवाय तिच्याकडं काही नाही. तिच्या सासऱ्यानं ती जमीन साफ केली तेव्हा मी तिथं होते. नुसती बघत नव्हते. त्याच्या जमिनीतले दगड वेचायला माझ्या घरातून मी गेले होते आणि माझ्या जमिनीतले वेचायला त्याच्या घरातून आले होते. मला तेव्हा आठवा महिना होता. त्याच्या शेताच्या टोकाला दगडांचा ढीग आहे, अजून आहे, त्यातला निम्मा माझ्या डोक्यावरून गेलाय. ते पोर राहिलं नाही. ते सांगत बसत नाही. पण तो ढीग कुणाच्या शेतात आहे हे मला कोणी शिकवू नये.

आता महूचं सांगते, कारण भांडण त्याच्यावरूनच झालं. महू म्हणजे मोहाचं झाड. आमच्याकडं झाड एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, असं असतं. यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. माझ्या सासूला ते झाड तिच्या सासूकडून आलं. फुलं आम्ही वेचतो, डोळीचं, म्हणजे त्याच्या बियांचं, तेल आम्ही काढतो. पण झाड उभं आहे ते शेजारणीच्या शेतात, मधोमध. ती त्याच्या सावलीत बसते, त्याच्या बुडापर्यंत नांगरते. मी फुलांच्या दिवसात पहाटे टोपली घेऊन जाते, वेचते, निघून येते. एक फांदी तोडायची तर मी तिला विचारते, ती मला विचारते. चाळीस वर्षांत यावरून एक शब्द झाला नाही.

ग्रामसभेत मी जबाब दिला तो असा. नाल्यापासून दगडाच्या ढिगापर्यंत जमीन तिची. मधे महू आहे, तो महू माझा, पण जमीन तिची. दोनदा सांगितलं. कार्यकर्त्यानं लॅपटॉपवर लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, बरोबर वाचलं. अंगठा घेतला तो वेगळ्या कागदावर. मी विचारलं, जबाब एकीकडं आणि अंगठा एकीकडं, असं का? सर म्हणाले, "आजी, दोन्ही मशीनमध्ये एकत्र होतं. एकदा आत गेलं की कुलूप. वाचता सगळ्यांना येईल, बदलता कोणाला येणार नाही."

मी ऐकलं. सगळ्या गावानं ऐकलं.

फुलं सुरू व्हायच्या थोडं आधी मोजणीचा दिवस ठरला. मोजणीच्या आधी गावच्या वनहक्क समितीवाल्यांनी जबाबाचा कागद छापून आणला आणि शेजारणीच्या शेतात उभं राहून वाचला. नाल्यापासून महूपर्यंत जमीन तिची. महूपासून दगडाच्या ढिगापर्यंत जमीन जबाब देणारीची. म्हणजे माझी.

अर्धं शेत. चांगलं अर्धं, काळ्या मातीचं. खाली माझा अंगठा.

शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "बाई, तुला माझ्याकडून मागता आलं नसतं का?"

मी म्हटलं, "मी असं बोलले नाही."

"अंगठा कुणाचा आहे?"

"माझाच."

"मग?"

समितीतला एक जण म्हणाला, म्हातारी विसरली असेल. दुसरा म्हणाला, विसरली तर नेमकं आपल्या फायद्याचं कसं विसरली? सगळे हसले. हापशावर दोन बायका मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "झाड तर खातच होती, आता खालची माती पण खायला निघाली." माझ्या तोंडासमोर म्हटलं असतं तर उत्तर दिलं असतं. पाठीमागून बोलणाऱ्याला काय उत्तर देणार?

घरी पोरगा काय म्हणाला ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. म्हणाला, "आई, आपण तर मागायला गेलो नव्हतो. लिहिलंय तर लिहिलंय. राहू दे ना." त्या दिवशी मी त्याच्या ताटात भाकर वाढली आणि त्याच्याकडं पाठ करून बसले. मी ज्याला वाढवलं त्याला एवढंच कळलं?

फुलांचे दिवस आले. पहाटे गेले तर महूच्या बुडाशी बोरीच्या काट्यांचं कुंपण. शेजारणीनं घातलेलं. फुलं आत पडत होती. पहिले दोन दिवस मी जाऊन बघून आले, नंतर गेले नाही. तिनं पण वेचली नाहीत. जागेवर कुजली. वास माझ्या अंगणापर्यंत यायचा. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर काटे जास्त घातले असते.

राग आला तो त्या कुलपाचा. कुलूप होतं, तर बदललं कुणी? आणि कोणी बदलूच शकत नाही म्हणतात, तर मग मी खोटी. असा तो कागद. तो मला खोटी ठरवायलाच तयार झालेला.

एक दिवस तिच्या अंगणात गेले. म्हटलं, "चल माझ्याबरोबर त्या ऑफिसात. मी म्हातारी झाले म्हणून हे झालं असेल तर तिथंच सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर थुंक. पण चल."

ती आली. जीपमध्ये ती पुढं बसली, मी मागं. म्हसावदपर्यंत एक शब्द नाही. जीपवाला बाजाराचा ओळखीचा. म्हणाला, "काय व माय, दोन्हीजनी भांडीसन ऊन्यात का? एक पुढे, एक मांगे. चांगलं शे, मन्ही गाडी समतोल ऱ्हाई." कोणी हसलं नाही.

ऑफिस तिथून पुढं, शहाद्याच्या बाजूला. सरांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. माझं ऐकून घेतलं आणि हसले. "आजी, वय झालं की असं होतं. माझ्या आईला पण आठवत नाही. मशीन खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "सर, तुमच्या आईचं मला माहीत नाही. मला आठव्या महिन्यात उचललेले दगड आठवतात. तुम्ही मला विसराळू म्हणू नका. चोर म्हणा, ते मी खोटं करून दाखवीन. विसराळू म्हटलं की माझं तोंडच बंद होतं."

सर शेजारणीकडं वळून बोलायला लागले, की दुरुस्तीचा अर्ज करता येईल, वेळ लागेल. जशी मी त्या खोलीत नाहीच. कार्यकर्ता दारापाशी उभा होता, मान खाली घालून.

तेव्हा कोपऱ्यातून ती चष्मेवाली बोलली. "सर, एकदा तपासून बघू या."

"बसवताना तपासलं होतंस ना?"

"कागद आत जातो का, ते तपासलं होतं. आत गेल्यावर परवानगी पहिल्यासारखी राहते का, ते नाही तपासलं."

"परवानगी म्हणजे?" मी विचारलं.

ती खुर्ची माझ्याकडं ओढून बसली. तेवढ्यानंच मला बरं वाटलं. म्हणाली, "आजी, मशीनमध्ये एक सेटिंग असते. नवा कागद आला की तो कोणी वाचायचा, कोणी बदलायचा, हे त्या सेटिंगवर ठरतं. माझा प्रोग्राम ढिगानं कागद आत घेतो तेव्हा थोडा वेळ ती सेटिंग सैल करतो. घेऊन झाले की पहिली होती तशी परत लावायची."

"लावतो का?"

"लावायला पाहिजे."

"लावतो का, ते विचारलं मी."

तिनं नजर चुकवली नाही. म्हणाली, "माहीत नाही, आजी."

मला ती पोरगी तिथंच आवडली. त्या खोलीत 'माहीत नाही' म्हणणारी ती एकटीच निघाली. मी तिला म्हटलं, आम्ही दुसऱ्याच्या शेतातून जातो तेव्हा कुंपणाचा काटा बाजूला करतो. निघताना परत लावतो, जसा होता तसाच, कारण मागून ढोरं येतात. तुझा प्रोग्राम निघताना काटा लावतो की नाही, एवढंच बघ.

"तेच बघायचंय," ती म्हणाली.

सर घड्याळ बघायला लागले. मी मुद्दाम चहा सावकाश प्यायले.

तिनं एक खोटा कागद केला. त्यात लिहिलं, 'महू माझा, जमीन तिची.' मला वाचून दाखवलं. तो आत ठेवला, परत उघडला, एक अक्षर बदललं. बदललं गेलं. सर लगेच, "अरे, उघडलं की!" ती म्हणाली, "सर, मी माझ्याच पासवर्डनं गेले. मला सगळंच उघडतं."

मी म्हटलं, "मग तू कशाला ढकलतेस? घरधनिणीनं आपलं दार ढकललं तर उघडणारच. परक्याला ढकलू दे."

परका कोण? कार्यकर्ता. त्याच्या पासवर्डला वाचायची परवानगी होती, बदलायची नव्हती. तो खुर्चीत बसला. तिनं नवा कागद ठेवला, त्यानं अक्षर बदलायला बघितलं. मशीननं सांगितलं, परवानगी नाही. सरांचा चेहरा खुलला. "बघा. म्हटलं नव्हतं? कुलूप पक्कं आहे."

शेजारीण उठली. पदर खोचला. "चला," म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही. खोटं कशाला बोलू? क्षणभर मलाच वाटलं की मी खरंच विसरले असेन.

पण मग तिचं ते ढिगानं कागद घ्यायचं आठवलं. मी विचारलं, "पोरी, माझा जबाब आत गेला तो कधी? कागदांच्या ढिगाच्या आधी का नंतर?"

तिनं बघितलं. नंतर. शेजारच्या चार गावांच्या कागदांचा ढीग आधी आत घेतला होता, त्याच्या मागून माझा जबाब. आणि आत्ता मशीन नुकतंच चालू केलेलं. चालू केलं की सेटिंग पहिल्यासारखी होते, आणि त्यानंतर ढीग घेतलेलाच नाही.

"मग ढीग घे. आणि त्याच्यानंतर ठेव."

शेजारीण परत बसली.

ढीग आत जायला एक चहा पिऊन होईल एवढा वेळ लागला. सगळे कागद गेले. मग तिनं पुन्हा तोच खोटा कागद ठेवला, 'महू माझा, जमीन तिची.' कार्यकर्ता पुन्हा बसला. त्यानं 'तिची' पुसलं. 'माझी' लिहिलं. बटण दाबलं.

मशीननं घेतलं. काही बोललं नाही. उघडून बघितलं तर 'महू माझा, जमीन माझी.'

पोरीनं चष्मा काढला, पुसला. "सेटिंग परत लागत नाही," म्हणाली. "माझी चूक आहे. ढिगानंतर आलेला प्रत्येक कागद उघडा आहे."

मग कार्यकर्ता खुर्चीतून उठला. "सर, ते मीच करेल शे."

"काय?"

"आजीना जबाब. मी गावोगावचं शुद्धलेखन तपासी ऱ्हायंतू. आजीना कागद उघडी गया, बदलता बी ऊनं. माले वाटनं आपले परवानगी शे." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आजी, झाड तुन्हं शे तर जमीन बी तुन्हीच ऱ्हाई ना? तुले नीट सांगता नही ऊनं असं माले वाटनं. म्हनीसन मी नीट करी दिधं. तुन्हा भल्यासाठीच करं व्हतं."

इतक्या वर्षांत मी कितीदा रागावले असेन, पण तशी कधी नाही. म्हटलं, "माझ्या भल्यासाठी मला चोर केलंस? ग्रामसभेत दोनदा सांगितलं. तू वाचून दाखवलंस तुझ्या तोंडानं. तेव्हा कळलं होतं, आणि तुझ्या घरी जाऊन बसल्यावर कळेनासं झालं? तुमच्याकडं ज्याचं झाड त्याची जमीन असेल. आमच्याकडं विचारतात. फांदी तोडायची तर विचारतात. तू अर्धं शेत तोडलंस, फोन करून विचारलं पण नाहीस."

"चुकनं, आजी."

"आणि गप्प का बसलास? मी इथं येऊन तासभर झाला. मला विसराळू म्हटलं तेव्हा तू दारात उभा होतास."

खरं कारण मला माहीत आहे. म्हातारीला खोटं ठरवणं सोपं असतं.

सर म्हणाले, आता कळलं ना, आपण शांतपणे दुरुस्त करू, ग्रामसभेला पत्र देऊ की तांत्रिक अडचण होती. मी म्हटलं, पत्र नको. माझं नाव चार लोकांसमोर खराब झालं, चार लोकांसमोर साफ करायचं. कुणी केलं, कसं झालं, ते तोंडानं सांगायचं. सर म्हणाले, संस्थेची बदनामी होते, आजी. मी म्हटलं, माझी झाली तेव्हा तुम्ही दुरुस्तीच्या अर्जाचं बोलत होता.

पोरीनं त्याच दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. पण मला बरं वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. तिनं आत एक तपासणी पण बसवली. ढीग घ्यायच्या आधी परवानगी काय होती ते मशीन लिहून ठेवतं, घेऊन झाल्यावर परत बघतं, दोन्ही सारखी नसली तर पुढं कामच करत नाही. आणि तपासायचं ते परक्याच्या पासवर्डनं. माझ्यासमोर तीनदा चालवून दाखवलं. तिन्ही वेळा मशीननं कार्यकर्त्याला 'परवानगी नाही' म्हटलं. तिसऱ्या वेळी शेजारीण हळूच हसली. मी बघितलं, पण बघितलं असं दाखवलं नाही.

ग्रामसभेत सर आले नाहीत, त्यांना मीटिंग होती. पोरगी आली. कार्यकर्ता पण आला, ते त्याचं मानते. पोरगी उभी राहून म्हणाली, चूक माझ्या प्रोग्रामची. तो म्हणाला, हात माझा. मी नवा जबाब दिला, जुनाच, शब्दाला शब्द. या वेळी अंगठा त्याच कागदावर, शेवटच्या ओळीच्या खाली, मधे बोटभर जागा न सोडता. मग शेजारीण उठली आणि म्हणाली, माझ्या दाव्यात अजून एक ओळ लिहा. झाडाची फुलं आणि डोळ्या हिच्या, हिच्यानंतर हिच्या सुनेच्या. मी सांगितलं नव्हतं तिला.

हापशावरच्या त्या दोघींनी माझ्याकडं बघितलं नाही. पोरगा म्हणाला, "आई, मला काय माहीत?" त्याला आज पण काही माहीत नाही.

तो बदललेला कागद आधीच वर गेलेला आहे, तालुक्याला. त्याच्या जागी नवा घेतील की नाही, कोणी नक्की सांगत नाही. त्या दिवशी थांबलेली मोजणी अजून झाली नाही. शेजारीण आता बोलते, मीठ-मिरची मागायला येते. पण पहिल्यासारखं नाही. बोलता बोलता मधेच थांबते, माझ्याकडं बघते. तिचा काय दोष? अर्धं शेत माझ्या अंगठ्याखाली गेलेलं तिनं आपल्या कानांनी ऐकलंय.

आणि एकटी मीच नव्हते. त्या ढिगानंतर आत गेलेले सगळे जबाब उघडे होते, आणखी कितीतरी गावांतल्या म्हाताऱ्यांचे. कुणी कुणाचं काय नीट केलं, कोण बघणार? ज्यांनी जबाब दिले त्यांतले दोघं त्यानंतर वारले. त्यांना आता कोण विचारणार, बाबा, तू असं म्हटला होतास का?

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मशीनमध्ये ठेवलेलं असेल, तर ते छापून आणा आणि त्या माणसाला शेजारी बसवून, त्याच्या बोलीत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. या आठवड्यात दाखवा. ते माणूस जिवंत आहे तोवर दाखवा.